अण्णांनी झाकलेली छायाचित्रे

एकदा एक वृद्ध कलासंपादक आपल्या मासिकाचा निरोप घ्यायला निघाले. तरुणपणी ते खांद्याला कॅमेरा अडकवून गावोगाव पायी हिंडले होते. विणकर, मिठागरातले कामकरी, तालमीतले मल्ल, नावाडी... ज्यांच्याकडे कुणी वळूनही पाहत नसे, त्यांना त्यांनी असे टिपले, की त्यांच्या लेकरांनी ते चित्र घरात देवाशेजारी लावावे. पुढे या मासिकाने त्यांना बोलावले आणि ते तिथलेच झाले. कुठले चित्र घ्यायचे, ते किती कापायचे, अक्षरे कुठे विसावायची, हे सारे त्यांची नजर ठरवू लागली. सगळे त्यांना अण्णा म्हणत.

अण्णांची एक शिष्या होती. हात कुशल, मन मात्र भित्रे. मागून कुणी हाक मारली तरी ती दचकायची. अण्णांनी स्वतःची खुर्ची तिला द्यायची ठरवली, तेव्हाही ती आनंदायच्या आधी दचकलीच.

मासिकाचे मालक मूळचे कागदाचे व्यापारी. त्यांनी अट घातली, "दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ पोरीनं करून दाखवावं. जमलं तर खुर्ची तिची. नाहीतर बाहेरच्या एका नावाजलेल्या छायाचित्रकाराला मी विचारून ठेवलंय. आणि अण्णा, तसं झालं तर मुखपृष्ठावर तुमचंच एखादं जुनं चित्र टाकू."

शिष्या तांबट आळीत गेली. घागरीवर ठोके घालणाऱ्या एका म्हाताऱ्या तांबटाचे तिने छायाचित्र काढले. काय नव्हते त्यात? उगारलेला हातोडा, कपाळावरचा घाम, मागे समयांची रांग, डावीकडे हंडे, उजवीकडे परात. परातीत बसलेले मांजरसुद्धा तिने सोडले नव्हते. पाहणारा "वा!" म्हणायचा.

पण त्यावर मासिकाचे नाव ठेवायची वेळ आली, आणि ती अडली. वर ठेवावे, तर नाव तांबटाच्या कपाळावर गोंदल्यासारखे दिसे. खाली ठेवावे, तर घागर बुडे. अण्णांचे पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे घेऊन तिने चित्राची चौकट सरकवून पाहिली, इकडून कापून पाहिले, तिकडून कापून पाहिले. चित्र लहान होत गेले, मोकळे होईना.

शेवटी ती अण्णांकडे गेली. अण्णांनी चष्मा पुसून चित्र बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "छान आहे."

"पण अण्णा, नाव..."

"छान आहे म्हटलं ना! उद्या सकाळी प्रदर्शनाला लवकर ये. येताना काळा कागद आण, आणि कात्री."

दुसऱ्या दिवशी अण्णांच्या सत्कारानिमित्त त्यांच्या गाजलेल्या छायाचित्रांचे प्रदर्शन होते. संध्याकाळी मुखपृष्ठ छापखान्यात जायचे होते, त्यामुळे शिष्येचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. ती पोचली, तेव्हा अण्णा स्टुलावर चढत होते.

"कागद काप. या विणकराएवढा."

तिने कापला. अण्णांनी तो तुकडा विणकराच्या चित्रावर चिकटवला. विणकर दिसेनासा झाला, माग दिसेनासा झाला. उरली नुसती मागची भिंत.

"अण्णा! अहो, हे काय करताय?"

"आता तो मल्ल."

मल्ल गेला, आखाड्यावरचा अंधार उरला. नावाडी गेला, पाणी उरले. मिठागरातली बाई गेली, आभाळ उरले. तेवढ्यात पाहुणे येऊ लागले. हार घेऊन आलेले मालक दारातच थबकले.

"अण्णा, बरं आहे ना? लोक तुमची चित्रं बघायला आलेत, आणि तुम्ही त्यांना रिकामी भिंत दाखवताय? कोरा कागद मी गोदामात विकतो हो, तो अंकात कशाला?"

लोक हसले. शिष्या मात्र रडायच्या बेतात आली. आपल्या गुरूचे असे हसे व्हावे, आणि कात्री आपल्याच हातात असावी!

अण्णा सावकाश खाली उतरले, पण बोलले ताठ मानेने. "तुम्हाला वाटेल, म्हातारा विनयानं स्वतःची चित्रं झाकतोय. विनय कसला! आज मी मिरवायलाच आलोय. विणकराबद्दल मला आजवर सगळ्यांनी विचारलं. या भिंतीबद्दल कुणी विचारलं? ती चौकटीत यावी म्हणून मी मागे सरकत गेलो, सरकत गेलो आणि निळीच्या हौदात पडलो. बरेच दिवस माझे पाय कृष्णासारखे होते."

पुन्हा हशा पिकला. या वेळी त्यात मालकही होते.

"आणि हे आभाळ. हे चित्र मुखपृष्ठावर गेलं, तेव्हा यावर एका खेड्यातल्या शिक्षिकेचं नाव लेखिका म्हणून पहिल्यांदा छापून आलं. तिनं तो अंक गावभर दाखवला. तिनं आभाळ पाहिलं नाही, स्वतःचं नाव पाहिलं. मुखपृष्ठ म्हणजे यजमानाचं घर असतं, मालक. मासिकाचं नाव, लेखकांची नावं हे पाहुणे. घर सामानानं कितीही सजवा, पाहुण्याला बसायला जागा नसेल, तर ते दुकान झालं. माणसं तर समोर होतीच, ती कुणीही टिपली असती. ही जागा मी राखली. अभिमान आहे मला तिचा."

मग ते शिष्येकडे वळून हळूच म्हणाले, "काल मी खोटं बोललो नाही, बाळ. चित्र छानच आहे. मुखपृष्ठ नाही. 'इथं रिकामं का सोडलं?' असं कुणी विचारेल, या भीतीनं तू कोपरा न् कोपरा भरलास. विचारू दे की! भरलेल्या चित्रात जागा नंतर कापून होत नाही. ती डोळा लावतानाच ठेवावी लागते."

शिष्येने कात्री खाली ठेवली. "अण्णा, मी तुमच्या सत्काराला थांबत नाही."

"थांबलीस तर रागवेन."

ती तांबट आळीत धावली. तांबट म्हणाला, "पुन्हा आलीस? मांजर आज नाही हं."

"नसू द्या, बाबा. तुम्ही ठोके घाला."

ती मागे सरकली आणि तिने कॅमेरा वर भिंतीकडे उचलला. हंडे सुटले, परात सुटली. तिचा जीव कासावीस झाला. ती आणखी मागे गेली. आता तांबट खालच्या कोपऱ्यात आला आणि त्याच्यावर दुकानाची धुराने काळवंडलेली, उंच भिंत उभी राहिली. एवढी मोठी, एवढी रिकामी! मागून कुणी ओरडले, "ओ ताई, नुसती भिंत काय काढताय?" ती दचकली. पण मागेच उभी राहिली.

संध्याकाळी मालकांनी मुखपृष्ठ हातात धरले. काळ्या भिंतीवर मासिकाचे नाव समईच्या ज्योतीसारखे दिसत होते, आणि त्याखाली लेखकांची नावे निवांत बसली होती. त्यांनी एकेक नाव वाचून काढले. मग म्हणाले, "त्या बाहेरच्या माणसाला नको म्हणून कळवतो."

अंक बाजारात आला. शिष्या पुस्तकांच्या दुकानांवरून मुद्दाम हिंडली आणि तडक अण्णांच्या घरी गेली.

"अण्णा, लोक तांबटाचं कौतुक करतात, नावांवर बोट ठेवून वाचतात. पण भिंतीबद्दल कुणी म्हणजे कुणीसुद्धा बोललं नाही!"

अण्णांनी अंक मांडीवर घेतला. त्या काळ्या भिंतीवरून त्यांनी तळहात फिरवला, जसा लेकराच्या पाठीवरून फिरवावा. "आता तू कलासंपादक झालीस," ते म्हणाले. "बस. आधी पेढा खा."

शिष्या बसली. त्या दिवशी पहिल्यांदाच, दारावरची कडी वाजली तरी ती दचकली नाही.

आपल्या कामात दुसऱ्याचे नाव उजळावे, एवढी जागा जो अभिमानाने राखतो, त्याचे काम पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटले तरी वाया जात नाही.