निघताना म्हणायचा शब्द

फार फार पूर्वीची गोष्ट. कुणी म्हणतं, अजून घडायचीच आहे. मला विचाराल तर दोन्ही खरं. नद्या आटल्या होत्या, गावंच्या गावं उजाड झाली होती, आणि माळावर उंच भिंतीआड एकच गाव कसंबसं तग धरून होतं.

त्या गावात निघताना सगळे चक्क 'जातो', 'जाते' म्हणत. तुमच्या आजीने ऐकलं असतं तर तोंडावर हातच ठेवला असता! पण त्यालाही कारण होतं. दुष्काळात पाणी शोधायला निघालेली माणसं 'येतो' म्हणून गेली, ती परतलीच नाहीत. मग गावाने वेशीचं दार लावून घेतलं आणि तो शब्दच खोटारडा ठरवला. जो कुणी तो शब्द उच्चारील, तो गावाबाहेर.

भिवराच्या आईला असंच बाहेर काढलं होतं. माळावरच्या खोपटात ती लेकीला गावाबद्दल सांगत बसायची: संध्याकाळचा चुलींचा धूर, अंगणा-अंगणांतून एकमेकींना मारलेल्या हाका. सांगता सांगता तिचे डोळे भरून यायचे. आई गेली तेव्हा भिवराने वेशीशी येऊन हात जोडले. गावची कारभारीण म्हातारी सोनाई. रीत पाळायच्या बोलीवर तिने भिवराला आत घेतलं.

बिचारीने काय नाही केलं! मान खाली घालून चालली, मोजकं बोलली, हसणंसुद्धा सोडलं. पण जिभेची सवय कुठली जायला? एकदा शेजारणीकडे विस्तव मागायला गेली आणि उठताना सहज बोलून गेली, "येते हं वहिनी." शेजारणीच्या हातून फुंकणीच गळून पडली. बघता बघता अख्खं गाव वेशीपाशी जमलं.

सोनाईने तिला जवळ बोलावलं. "पोरी, सगळ्यांदेखत एकदा 'जाते' म्हण. मग राहा सुखाने."

भिवराला ते छप्पर हवं होतं, फार हवं होतं. बाहेर तिचं कुणी उरलं नव्हतं. तिने तोंड उघडलं, पण शब्द काही फुटेना.

"नाही जमत हो," ती म्हणाली. "आई सरपणाला निघायची तेव्हा 'येते' म्हणायची. त्या शब्दावर विसंबून मी दिवसभर एकटी बसायची."

मग ती सोनाईच्या पाया पडली, हळूच "येते, आई" म्हणाली आणि बाहेर पडली.

मागे अडसर पडल्याचा आवाज येईल म्हणून ती कान देऊन चालत होती. आवाज आलाच नाही. तिने वळून पाहिलं. सोनाई वेशीच्या उंबऱ्यात बसली होती आणि गावाला सांगत होती, "दार लावू नका. पोर येते म्हणालीय. आमचे मालकही 'येतो' म्हणाले होते. कोण जाणे, आलेही असतील. दार आपणच लावून बसलो होतो."

दार कुणीच लावलं नाही. भिवरा रडत रडत माघारी फिरली.

बाळांनो, 'येतो' म्हणून गेलेल्याचा शब्द खरा व्हायचा असेल, तर मागे राहिलेल्यांनी दार उघडं ठेवावं लागतं.