उरलेलं एक दळ

राजानं शंकराला तीन लाख बिल्वदळं वाहण्याचा संकल्प सोडला. चिमाबाई गुरवीण घरच्यांसह रानोमाळ हिंडली आणि तिनं तीन-तीन दळांची एक लाख पानं आणून घातली. बेलाच्या काट्यांनी हातांची चाळण झाली हो तिच्या!

आणि गादीवरून कधी न उठलेला कारभारी विसोपंत भर दरबारात म्हणाला, "ही चोर आहे. मी स्वतः एकेक दळ मोजलं. दोन लाख चौऱ्याऐंशी हजार सातशे एकोणीस भरली. हिची देवळातली सेवा काढून घ्या!"

चिमाबाईनं विचारलं, "पंत, एखादं पान तुटकं निघालं का?"

"एकही नाही. सगळी तीन दळांची."

"मग तुमच्या आकड्यातल्या अंकांची बेरीज करा. एकतीस होते. एकतिसाला तिनानं भाग जात नाही, म्हणजे त्या आकड्यालाही जात नाही. एक दळ उरतं. ते कुठल्या पानाचं, पंत?"

राजानं विसोपंताला तिथंच मोजायला बसवलं. पाच दिवसांनी तीन लाख पुरी भरली.

चिमाबाई कडाडली, "मोजायला पाच दिवस लागले, पंत. मला चोर म्हणायला तुम्हाला एक क्षण पुरला!"