टाकीतलं विरजण

"पण मासे मरतात तरी कशानं?"

कुमुदताई देवस्थळींनी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. पहिल्यांदा विचारला तेव्हा आवाजात तक्रार होती, दुसऱ्यांदा धार. आता मात्र त्यांनी पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

दौलततात्या भोई ओसरीवर पोत्यावर बसले होते. मेथी निवडावी तशी पाणगवताची पिकली पानं खुडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"किती मेली?"

"सगळे. आधी सहा गप्पी, मग आठ निऑन, मग परत सहा गप्पी. एकानंही चौथा दिवस पाहिला नाही."

तात्या गवत खुडत राहिले...

या तात्यांची गोष्ट अशी. उभा जन्म कोयनेत जाळं टाकण्यात गेला. पाठ वाकली तेव्हा कराडच्या भोई गल्लीतल्या आपल्या ओसरीवर त्यांनी काचेच्या टाक्या मांडल्या आणि मासे पाळायला लागले. दुकानाला पाटी नाही, गल्ला नाही. साताऱ्यापासून सांगलीपर्यंतचे हौशी लोक टाकी बिघडली की त्यांच्याकडे येतात, पाया पडतात आणि डोकं खाजवत परत जातात. कारण तात्या सरळ उत्तर देतील तर शपथ!

आणि कुमुदताई? त्यांनी कॉलेजात चौतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. पोरं पाठीमागं 'फिनेलबाई' म्हणायची. ते त्यांच्या कानावर आलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याचा थोडा अभिमानच वाटायचा.

त्यांनी पर्समधून वही काढली.

"हे बघा. पाण्याचा पीएच सात. तापमान सव्वीस. पाणी चोवीस तास उघडं ठेवते, क्लोरीन उडून जावा म्हणून. माझ्या पाण्यात एक दोष काढून दाखवा."

"न्हाई बा. दोष काय बी न्हाई."

"मग?"

"त्योच दोष हाय."

कुमुदताईंच्या कपाळावर आठी चढली. असल्या कोड्यांना त्यांनी आयुष्यात कधी मार्क दिले नव्हते.

"फिल्टरचा स्पंज कवा धुता?" तात्यांनी विचारलं.

"रोज."

"कशात?"

"नळाखाली. पांढरा शुभ्र होईपर्यंत."

"आन् खडी?"

"दर रविवारी उकळून घेते."

तात्यांनी हातातलं गवत खाली ठेवलं. बाईंच्या खांद्याकडे पाहिलं. तिथं, चांगल्या सुती साडीवर, एक पांढरं फडकं घडी घालून टाकलेलं होतं. रिक्षात बसताना सीट पुसायला घेतलेलं, ते तसंच राहिलं होतं.

"बाई, मी तुमास्नी मासं देणार न्हाई."

"का? मी काय फुकट मागतेय?"

"मासं कुणासाठी पायजेत?"

कुमुदताईंनी वही मिटली. ओसरीवरच्या टाक्यांमधून हवेचे बुडबुडे तेवढे वर येत होते...

"बहिणीसाठी," त्या अखेर म्हणाल्या. "मासे जगले की येते म्हणालीय."

वच्छी त्यांची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर ती ताईकडे राहायला आली आणि अकरा वर्षं राहिली. आल्या दिवसापासून तिचा एकच हट्ट, ताई, एक माशांची टाकी आणू या गं, हिरवीगार झाडं असलेली. ताईचं उत्तरही एकच. वास येतो, काचेला डाग पडतात, नको. वच्छी उठली की ताई तिच्या मागून उशी झटकायची. वच्छीनं कप उचलला की ताई खालचा ओला गोल पुसायची. गेल्या मार्गशीर्षात वच्छीनं बॅग भरली आणि कुडाळला पुतणीकडे निघून गेली. भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

तेव्हापासून घर अगदी खायला उठायचं. फरशीत तोंड दिसेल इतकी ती चकचकीत होती, आणि त्यात तोंड दिसायचं ते एकट्या कुमुदताईंचंच. त्या पोळ्या दोघींच्या करायच्या आणि दुसऱ्या दिवशी शिळ्या आपणच खायच्या. शेवटी एक दिवस जाऊन टाकी घेऊन आल्या. मोठी, तीन फुटी. वच्छीला फोन लावला. "वच्छे, टाकी आणली गं."  पलीकडून आवाज आला, "मासे जगले की कळव ताई. मग येते."

हे एवढं सगळं त्यांनी तात्यांना सांगितलं नाही. पण तात्यांनी आणखी काही विचारलंही नाही. त्यांनी ओल्या फडक्यात पाणगवताची जुडी बांधली आणि पुढं केली.

"ह्ये न्या. लावा. महिनाभर पाण्यात हात घालायचा न्हाई. स्पंज धुवायचा न्हाई. काच पुसायची न्हाई. मासं मग बघू."

"आणि महिनाभर रिकाम्या टाकीपुढे बसून मी करू काय?"

"बसा."

कुमुदताईंनी घरी येऊन चिमट्यानं एकेक काडी खडीत रोवली. परीक्षेच्या हॉलमधल्या बाकांसारख्या सरळ रांगा झाल्या. मग त्या समोर खुर्ची टाकून बसल्या.

तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी पाणी ताकासारखं गढुळलं. त्यांनी तोंड फिरवलं. सहाव्या दिवशी काचेवर तपकिरी साय धरली. त्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. सातव्या दिवशी रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. दिवाणखान्यात काहीतरी कुजतंय, असंच वाटत राहिलं.

पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते काय उगीच? नववा दिवस उजाडला आणि बाईंनी पदर खोचला. टाकी रिकामी केली. खडी उकळली. स्पंज पिळून पिळून पांढरा केला. गवताचं पान न् पान नळाखाली धरलं. दुपारी टाकी अशी लखलखली की पाणी आहे की नाही तेच कळेना. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली, आणि पुढं दर आठवड्याला हेच झालं.

तिसाव्या दिवशी त्यांनी तात्यांना निरोप धाडला. या आणि पाहून जा.

तात्या दुपारी आले. हातात स्टीलचा डबा, जेवणाचा असतो तसा. चपला दाराबाहेर काढल्या तरी बाईंची नजर त्यांच्या भेगाळलेल्या टाचांवर गेलीच. त्यांनी खुर्ची पुढे केली, आधी फडक्यानं पुसून. तात्या टेकले आणि टाकीकडे पाहत राहिले.

पाणी आरस्पानी होतं. गवत मात्र पिवळं पडून विरघळायला लागलं होतं.

"कसं काय दिसतंय?" कुमुदताईंनी विचारलं.

तात्यांनी एक बोट पाण्यात बुडवलं आणि नाकाशी नेलं.

"वास न्हाई."

"नसणारच. स्वच्छ आहे."

"हात घातला हुता?"

"नाही."

तात्यांनी ओलं बोट पुन्हा नाकाशी नेलं. चौतीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडलेल्या बाईंची मान खाली गेली.

"...आठवड्यातून एकदाच."

"हं."

"तुम्हाला नाही कळायचं. मला ते बघवेना हो!"

तात्यांनी डबा मांडीवर घेतला, पण उघडला नाही.

"बाई, घरात दही कसं लावता?"

"विकत आणते. पिशवीतलं."

"आन् लावायचं झालंच तर?"

"विरजण लागेल."

"त्ये कुठनं आणायचं?"

"कुठून म्हणजे... शेजारून."

"शेवटचं कवा आणलं हुतं?"

कुमुदताई आठवू लागल्या. समोरच्या दारावर नव्या माणसांची पाटी लागली होती. ती लागून दोन वर्षं झाली असतील, नाही तर तीन. त्या पाटीवर नाव काय होतं तेही त्यांना आठवेना. वच्छी जायची वाटी घेऊन, वच्छीला सगळी दारं माहीत होती...

त्या एकदम सावरून बसल्या.

"तुम्ही कुठं चाललाय ते कळतंय मला, तात्या. जिवाणू म्हणायचंय तुम्हाला. माशांची घाण खाऊन पाणी राखणारे. अहो, ते चक्र मी चौतीस वर्षं फळ्यावर काढलंय!"

"व्हय? आन् तास झाल्यावर?"

"तास झाल्यावर काय? फळा पुसायचे. शिपायाला हात लावू द्यायचे नाही, माझी मी पुसायचे. खडूचा एक कण—"

त्यांची नजर टाकीच्या लखलखत्या काचेवर गेली.

तात्यांनी डब्याचं झाकण काढलं. आत स्पंज होता. काळपट, चिकट, मळीनं भरलेला. नदीकाठच्या चिखलाचा वास दिवाणखान्यात पसरला.

"माज्या सगळ्यात जुन्या टाकीतला हाय. सोळा वर्सं झाली, नळाखाली धरला न्हाई."

"आणि हा इथं कशाला आण—"

तात्यांनी स्पंज उचलला, टाकीवर धरला आणि पिळला.

"अहो! अहो तात्या! काय करताय काय तुम्ही!"

तपकिरी पाण्याची धार खाली गेली. ढगासारखी पसरली. आधी गवत दिसेनासं झालं, मग खडी, मग मागची भिंत. तात्यांनी मनगटाला पीळ देऊन शेवटचा थेंबही आत सोडला आणि स्पंज डब्यात ठेवला.

कुमुदताई उठल्या होत्या. हातात फडकं होतं, पण पुसायचं काय? पाणी थोडंच पुसता येतं? त्या मटकन खाली बसल्या.

"आता मी वच्छीला काय सांगू?" त्यांना रडू फुटलं. "मासे नाहीत. गवत मेलंय. आणि पाण्याची ही अशी घाण... ती यायची नाही हो आता. इतके महिने मी रोज त्या फोनकडे बघते. मला कुणाशी तरी बोलायचं असतं, तात्या. रविवारी दूधवाला रजेवर असतो ना, त्या दिवशी मी दिवसभरात एक शब्द बोललेली नसते."

तात्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"जाताना काय म्हणाली माहितेय? दारात उभी राहून म्हणाली, ताई, अकरा वर्षं राहिले गं तुझ्याकडे, पण तुझ्या घरात माझं एक बोटसुद्धा उमटलं नाही. आणि ती जिना उतरली, तर मी काय केलं असेन?"

त्यांनी दाराकडे बोट केलं.

"दाराची कडी पुसली. तिनं धरलेली."

 टाकीतला ढग हळूहळू खाली बसत होता. गवताच्या पानांवर, खडीच्या फटींत तपकिरी भुकटी उतरत होती. एका पिवळ्या काडीच्या बुडाशी नखाएवढा हिरवा कोंब होता. तो आधीपासून होता की काय, कुमुदताईंच्या ध्यानात आलं नव्हतं.

"पाणी नासलं," त्या पुटपुटल्या.

"आत्ता कुठं लागतंय."

"किती दिवस लागतील?"

"ज्येवढं लागतील त्येवढं."

तात्या उठायला लागले. गुडघ्यांनी साथ दिली नाही. तोल सावरायला त्यांनी समोर हात टेकला तो टाकीच्या काचेवर. क्षणभर तसेच उभे राहिले, मग पाठ ताठ केली, डबा उचलला आणि दाराकडे निघाले.

काचेवर त्यांचा पंजा उमटला होता. पाची बोटं, तळवा, तळव्यावरच्या जाळ्याच्या जुन्या वळांसकट, मळकट तपकिरी. करंगळीपासून एक ओघळ खाली चालला होता.

कुमुदताईंनी फडक्यानं डोळे पुसले. त्याच फडक्याचा कोरडा कोपरा त्यांनी बोटावर घेतला. आपण काय करतोय ते त्यांना कळलंही नव्हतं. हात आपला आपण काचेकडे निघाला होता.

दाराबाहेर तात्या चपला चढवत होते. त्यांनी मागं वळून पाहिलंसुद्धा नाही.

"पुसू नगा, बाई. मासं ऱ्हाऊ द्या... भैनीला आधी ह्ये दावा."