जोमाचा बारावा खुंट

वेळणखाडीला अजून बोटी नव्हत्या, नुसत्या होड्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. खाडीच्या मुखाशी बारा खुंट रोवून जोमा कोळी डोल लावायचा. डोल म्हणजे लांबलचक पिशवीसारखं जाळं. वाहत्या पाण्यासोबत मासळी तोंडातून शिरते आणि शेपटाशी कोंडते. भरती-ओहोटीच्या मधे पाणी थांबलं की डोल वर घ्यायची, हा नेम. कारण श्वासासाठी वर येणारं कासवही आत सापडतं. वेळेत सुटलं तरच जगतं.

जोमाच्या लेकीची हळद होती. चांगुणाआत्या मांडवात आली.

"जोमा, पानी थांबलं रं. डोल वर घे."

"आत्ये, आज दर्याला पन सुट्टी!" जोमा नाचता नाचता म्हणाला.

"दर्या कवा सुट्टी घेतो रं, मेल्या?"

सगळे हसले. जोमाही हसला.

दुसऱ्या दिवशी चौदा जणांना डोल ओढवेना. आत चाळीस मेलेली कासवं होती, असं म्हणतात. आकडा सांगता सांगता वाढला असेल. पण माद्यांच्या पोटात अंडी होती, हे सगळेच सांगतात.

त्या वर्षी खाडीत झार आली. झार म्हणजे चटका देणारा, बुळबुळीत जेलीमासा. तिला खाणारी कासवं उरली नव्हती. जाळी झारेनं भरली, हात भाजले, पोरं पेजेच्या पाण्यावर निजू लागली. जोमाच्या होडीला कुणी खांदा देईना. माहेरपणाला आलेली लेक बापाशी बोलली नाही.

मग जोमा खुंट उपटायला निघाला. एकेक खुंट तीस माणसांनी रोवलेला.

"एकट्यानं नाय व्हायचं," चांगुणाआत्या म्हणाली.

"केलं तं एकट्यानंच ना, आत्ये?"

दर वेळी पाणी थांबलं की तो बुडी मारी आणि एक खुंट घेऊन वर येई. बाराव्या वेळी पाणी फिरलं. खुंट वर आला, जोमा आला नाही. त्या लाकडात दहा बोटं रुतलेली होती, असं म्हणतात. आठ दिवसांत झार ओसरली. किनाऱ्यावर कासवाची एक मादी अंडी घालायला आली. एकच.

पुढं पोटासाठी गावानं नवे खुंट रोवले. पण आजही डोल वर आली की होडीतला वडीलधारा जाळ्यावर वाकून विचारतो, "जोमा, आत कोन हाय?" आत कासव फडफडलं, तर नवंकोरं जाळंही कापतात. पुष्कळदा काहीच फडफडत नाही. तेव्हा आत मेलेलं कासव तर नसेल, या धास्तीनं शेपटाची गाठ सोडायला कुणी पुढं होत नाही.