कोल्ह्याने नमुना बदलला

अरण्यात मोबाइल नुकतेच आले होते, तेव्हाची गोष्ट. वणव्यात मदत मागण्यासाठी प्राण्यांनी एक ॲप बनवलं होतं. त्याचा प्रत्येक नवा पडदा मूळ नमुन्याशी आपोआप ताडून पाहायला 'पारखी' नावाचं यंत्र होतं.

एकदा पारखी ओरडलं, "लहान मोबाइलवर मधाच्या जाहिरातीखाली मदतीचं बटण झाकलं गेलंय!"

प्रमुख कोल्हा म्हणाला, "मग आजचा पडदाच नमुना म्हणून ठेवू. फरक उरणारच नाही."

"दोष तसाच ठेवून नमुना बदलायचा?" पारखी संतापलं. पण कोल्ह्याने नमुना बदलला आणि पारखीला फरक दिसेनासा झाला.

पुढे वणवा पेटला. हरिणी बटण शोधत राहिली. तिचं पाडस होरपळून मेलं.

कोल्हा तिला म्हणाला, "तपासणीत सगळं ठीक होतं, बाई."

"माझं पाडस गेलं!" हरिणी कडाडली. "घाला ती तपासणी चुलीत!"