सम्राज्ञी शू-यिन आणि पिंजऱ्यातले पक्षी

पूर्वी काश्यप बुद्धांचा धर्म चीन देशापर्यंत पोचला होता. त्या काळी लुंगशान नगरीचा सम्राट निपुत्रिक वारला, तेव्हा बोधिसत्त्व त्याचे प्रधान होते. रिवाजाप्रमाणे राण्यांनी मुंडण केले आणि त्या भिक्षुणींच्या विहारात राहायला गेल्या. सिंहासन रिकामे पडले. "तुम्हीच बसा," म्हणून दरबारी प्रधानांच्या मागे लागले. खरे सांगायचे तर प्रधानांच्याही तोंडाला पाणी सुटले होते.

नवा सम्राट आधी विहारात जाऊन पिंजऱ्यातले पक्षी सोडी. जीवदानाच्या त्या पुण्यावर त्याचे राज्य सुरू होई. दरबाऱ्यांनी हौसेने गाड्या भरभरून पक्षी आणले. प्रधान पहिला पिंजरा उघडणार, इतक्यात भिक्षुणी झालेली धाकटी राणी शू-यिन पुढे आली.

"प्रधानजी, हे पक्षी आधी कुठे होते?"

"रानात, आर्ये."

"मग धरलं कोणी?"

"पारध्यांनी. आजच्या सोहळ्यासाठीच..."

बोलता बोलता प्रधान थबकले आणि मग त्यांना हसू आवरेना. एवढे शहाणे म्हणवणारे आपण, पण ही साधी गोष्ट डोक्यात आली नाही!

"राज्य तुमच्या हाती असतं तर काय केलं असतं?" त्यांनी विचारले.

"आज हे सोडले असते. उद्या पारध्यांना राजवाड्याची पडीक जमीन कसायला दिली असती. पोटाची सोय झाली, की जाळं कोण विणत बसतंय?"

सिंहासन प्रधानांना अजूनही हवेसे वाटत होते. पण त्यावर बसावे असे माणूस समोर उभे होते. त्यांनी राजमुद्रा तिच्या हातात ठेवली.

शू-यिन गोंधळून थोरल्या भिक्षुणीकडे पाहू लागली. "जा पोरी," ती म्हणाली, "धर्म राजवाड्यातही पोचू दे."

दरबारी ओरडले, "बाई? तीही बोडकी?"

"केस वाढतील," प्रधान म्हणाले. "तुमची अक्कल वाढायला किती दिवस लागतील ते सांगा."

सारा विहार खो खो हसला. सगळे पिंजरे उघडले गेले. शू-यिन सम्राज्ञी झाली, पारधी शेतकरी झाले आणि प्रधान जन्मभर आनंदाने प्रधानच राहिले.

ही पूर्वजन्मीची कथा संपवून शास्ता बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची शू-यिन म्हणजे आज या धर्मासनावरून उपदेश करणारी भिक्षुणी विशोका. तो प्रधान मीच. हाती आलेले मोठेपण योग्य माणसाला हसत देणे, यालाच त्याग म्हणतात. आणि 'बाई?' असे ओरडणारे दरबारी म्हणजे आत्ता मागच्या रांगेत कुजबुजणारे तुम्ही."