लहान चाकाचा टर्बो

एका घाटाच्या पायथ्याशी एकदा एक वृद्ध मिस्त्री राहत होते. नाव दाऊद मुकादम, पण घाटाखालच्या दहा-बारा गावांत त्यांना सगळे दाऊदचाचाच म्हणत. गाड्यांच्या टर्बोचं काम त्यांच्याइतकं बारकाईनं करणारा माणूस त्या पट्ट्यात दुसरा नव्हता. वय पंचाहत्तरीला आलेलं. तरीही इंजिनाचा आवाज डोळे मिटून ऐकत आणि दोष कुठे आहे ते सांगत.

त्यांच्या हाताखाली सुहास घाग नावाचा शिष्य होता. पदविका घेतलेला, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, कामाला वाघ. दोन वर्षांत त्यानं बरंच आत्मसात केलं होतं. त्याचा दोष एकच. प्रत्येक गोष्ट मोठी करून दाखवायची त्याला हौस होती. गाडी दुरुस्त झाली एवढ्यावर त्याचं समाधान होत नसे; बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं, असं त्याला वाटे.

एके दिवशी शेवंता कदम नावाच्या बाई आपली जीप घेऊन आल्या. खालच्या गावांतून वर तालुक्याला प्रवासी नेण्याचा त्यांचा व्यवसाय. इस्पितळ वर, तालुक्याला. म्हणून खाली कुणी आजारी पडलं की हाक शेवंताताईंनाच येई. त्या दिवशी चाचा मुलीकडे गेले होते आणि चार दिवसांनी परतणार होते. गॅरेज सुहासच्या स्वाधीन होतं.

"काय झालंय गाडीला?" सुहासनं विचारलं.

"गाडीला काही झालं नाही. माणसाला झालं," शेवंताताई म्हणाल्या. मग सांगू लागल्या, "आमच्या वाडीतले पांडूआबा. दम लागला म्हणून घेऊन निघाले. गाडीत आठ माणसं. नवव्या वळणावर गाडीनं मान टाकली. पुढे जाईना. माणसं उतरली, ढकलायला लागली. आबा माझ्याकडे बघत होते. वर पोचलो तोवर... डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवं होतं." त्यांनी जीपच्या दारावर हात ठेवला. "मला ताकद पाहिजे, दादा. काय वाटेल ते करा, पण गाडीत ताकद घाला."

सुहासचं मन हेलावलं. त्यानं जुना टर्बो उघडून पाहिला. टर्बो म्हणजे एका दांड्यावरची दोन चाकं. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर पहिलं चाक फिरवतो आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात हवा कोंबतं. हवा जास्त, तर डिझेल जास्त जळतं, आणि तितकं बळ वाढतं. जीपचा टर्बो झिजला होता, दांडा खिळखिळा झाला होता.

सुहासनं चार दिवस जिवापाड मेहनत केली. एका मोडीत निघालेल्या ट्रकचा टर्बो त्यानं मिळवला. तो पितळी कळशीएवढा मोठा होता. त्याला बसवण्यासाठी लांब, वळणदार पाईप घडवले, पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवलं. चौथ्या दिवशी सकाळी त्यानं जीप महामार्गावर नेली. सपाट रस्त्यावर ती अशी सुटली की चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. शेवंताताईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

नेमके तेव्हाच चाचा एसटीतून उतरले. त्यांनी शेवंताताईंची हकिकत ऐकून घेतली आणि बॉनेट उघडून सगळं पाहिलं. शाबासकी दिली नाही, दोषही दिला नाही.

"जोडकाम सुबक केलंयस," ते म्हणाले. "आता मागे ओल्या वाळूची दहा पोती भर, भरल्या गाडीइतकं वजन होऊ दे. घाट चढू. मी शेजारी बसतो. बाई, तुम्ही इथेच थांबा."

पहिली दोन वळणं लांबट होती. ती सहज गेली. तिसरं वळण उलटं वळणारं आणि उभ्या चढाचं. सुहासनं वेग कमी केला, गिअर बदलला आणि पाय दाबला. गाडीनं नुसता काळा धूर सोडला. एक क्षण, दोन क्षण, तीन. ती जागच्या जागी घुटमळली. घाबरून त्यानं पाय आणखी दाबला. वळण निम्मं झालं असता सगळं बळ एकदम आलं. मागची चाकं घसरली आणि जीप डोंगराच्या अंगाला असलेल्या चारीत तिरपी जाऊन रुतली.

कुणाला इजा झाली नाही. सुहास उतरून रुतलेल्या चाकांकडे बघू लागला.

"चाचा, ताकद तर आली होती," तो म्हणाला.

"आली होती. चल, पोती उतरवू."

दोघांनी मिळून वाळू उतरवली. वरून येणाऱ्या एका टेंपोवाल्यानं दोर लावून जीप बाहेर ओढली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी सुहास गॅरेजवर आला, तेव्हा चाचांनी तो मोठा टर्बो काढून बाकावर ठेवला होता. त्या जागी ते एक नवा टर्बो बसवत होते आणि तो जीपच्या जुन्या टर्बोहूनही लहान होता, ओंजळीत मावेल एवढा. सुहासनं घडवलेले लांब पाईप त्यांनी कापून निम्मे केले होते. वाढवलेलं डिझेलसुद्धा बरंच कमी केलं होतं.

सुहासला हे सहन होईना. तेवढ्यात शेवंताताई आल्या आणि त्याही चकित झाल्या.

"चाचा, हे काय हो? मी ताकद मागितली. तुम्ही होती तीसुद्धा काढून घेतली?"

"महामार्गावरची काढून घेतली," चाचा शांतपणे म्हणाले. "तुम्ही रुग्ण घेऊन महामार्गावर जाता का?"

चाचांनी फडक्याला हात पुसले आणि सुहासकडे वळून विचारलं, "काल वळणावर गाडीला बळ कधी हवं होतं?"

"गिअर टाकला तेव्हा. लगेच."

"आणि मिळालं कधी?"

"वळण निम्मं झाल्यावर."

"का?"

सुहासला उत्तर ठाऊक होतं; ते उच्चारणं जड गेलं. "चाक मोठं होतं. ते फिरवायला पुष्कळ धूर लागतो. वळणावर इंजिन मंद असतं, तेवढा धूर नसतोच. इंजिन वर गेल्यावर तो तयार होतो."

"म्हणजे ज्याच्यापाशी आधीच वेग आहे, त्यालाच तुझा टर्बो मदत करणार. जो अडलाय, त्याला म्हणणार, 'तू आधी थोडा वेग घे, मग मी येतो.'" चाचांनी लहान टर्बोचं चाक बोटानं हलकेच ढकललं. ते सुळकन फिरू लागलं. "हे चाक लहान आहे. थोड्याशा धुरावरही जागं होतं. पाईप आखूड केला, म्हणजे हवेला वाटेत रेंगाळायला जागा नाही. सपाटीवर ही गाडी कुणाला मागे टाकणार नाही, आणि इंजिन फार पळालं तर चाकावर ताण येऊ नये म्हणून जादा दाब सोडणारी झडप मी नीट जुळवली आहे. पण अडलेल्या जागी पाय टाकलास की ती त्याच क्षणी ओ देईल. सामर्थ्याचं माप काढताना लोक किती ते बघतात, बेटा. केव्हा ते कुणी बघत नाही."

सुहास खाली मान घालून उभा होता. चाचा बाकावर बसले. पुढचं बोलताना त्यांचा आवाज थोडा उतरला.

"मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. तुझ्या वयाचा असताना मी आखातात गेलो. मोठ्या गाड्यांच्या कारखान्यात होतो. इकडे धाकटा भाऊ इब्राहिम एकटा, छातीनं नाजूक. पत्र पाठवायचा, 'भाई, एकदा येऊन जा.' मी उलट लिहायचो, 'रिकाम्या हातांनी कसा येऊ? घर बांधण्याइतकं जमू दे, तुला मोठ्या डॉक्टरकडे न्यायला जमू दे, मग येतोच.' अकरा वर्षं जमवलं. पुरेसं घेऊन आलो. घ्यायला तो नव्हता." त्यांनी फडकं घडी करून बाजूला ठेवलं. "शेजारी सांगत होते, शेवटी शेवटी त्याला औषधाचीसुद्धा फार आस नव्हती. सायंकाळी सोबतीला कुणी बसावं, एवढंच म्हणायचा. ते तर मला पहिल्या वर्षीही जमलं असतं."

मग शेवंताताईंनी अगदी हळू विचारलं, "चाचा, हा टर्बो तेव्हा असता, तर आबा वाचले असते का?"

"ते मी सांगू शकत नाही, बाई. सांगितलं तर खोटं होईल. पण त्या दिवशी तुमच्याकडे होतं ते तुम्ही सगळं दिलंत आणि हाक आल्याबरोबर दिलंत. स्वतःला बोल लावू नका."

त्या दुपारी पुन्हा वाळू भरली गेली. या वेळी शेवंताताई स्वतः चालवायला बसल्या, सुहास शेजारी. तिसरं वळण आलं. गिअर पडला, पाय दाबला गेला, आणि जीप गाजावाजा न करता, धुराचा लोट न उठवता वळण चढून गेली. नववंही चढून गेली. वर पोचल्यावर शेवंताताईंनी इंजिन बंद केलं आणि कितीतरी वेळ स्टीअरिंगवरचे हात काढले नाहीत.

ऐकलेली गोष्ट पटायला माणसाला वेळ लागत नाही. ती आपल्याविषयी होती, हे उमगायला लागतो. सुहासचंही तसंच झालं. टर्बोचं शास्त्र तो त्याच दिवशी शिकला. पुढच्या तीन जीपगाड्यांना त्यानं लहान टर्बो बसवले आणि ते उत्तम चालले. बाकी तो होता तसाच राहिला.

तीन आठवड्यांनी भर दुपारी शेवंताताई आल्या. गाडीतून उतरल्या त्या हसतच.

"चाचा, काल तांबटांच्या सुनेला घेऊन गेले. अडली होती. सुईण म्हणाली, माझ्या हातातलं नाही, वर न्या. आठ जणांऐवजी दोघंच घेतली सोबत आणि निघाले. तुम्हाला सांगते, गाडी जोरात पळाली नाही. माझ्या मागची एक मोटार पुढे निघूनसुद्धा गेली. पण एकेका वळणावर पाय ठेवला की हुंकार द्यायची. कुठे थांबली नाही, कुठे दचकली नाही. पोरीला धक्का बसू दिला नाही."

"आणि बाळंतीण?"

"सुखरूप. मुलगी झाली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत." 'वेळेवर' हा शब्द त्यांनी पुन्हा एकदा उच्चारला. त्यांनी पिशवीतून ओले काजूगर काढून चाचांच्या पुढ्यात ठेवले आणि डोळे पुसत निघून गेल्या.

सुहास हे सगळं ऐकत उभा होता. हातात पाना तसाच. बऱ्याच वेळानं तो चाचांच्या समोर आला.

"चाचा, दोन दिवस सुट्टी हवी."

"कुठे जायचंय?"

"बहिणीकडे. खाडीपलीकडे दिलीय तिला. मेहुणे माडावरून पडले, कंबर गेली. पाच महिने झाले. दर आठवड्याला फोन करते, 'ये रे एकदा.' मी म्हणतो, माझं स्वतःचं गॅरेज उभं राहू दे, मग तुमचा सगळा भार मीच उचलतो." तो अडखळला. "तिला माझ्याकडून नक्की काय हवंय, ते मी तिला विचारलेलंच नाही."

चाचांनी त्याच्याकडे पाहिलं. उपदेश करण्याजोगं आता काही उरलं नव्हतं.

"केव्हा निघतोस?"

"चारची गाडी आहे. हा पंप जोडला की..." तो बोलता बोलता थांबला. त्यानं पाना बाकावर ठेवला. "आत्ताच निघतो. त्याआधीची मिळेल."

"पंप मी जोडतो," चाचा म्हणाले. "हात तेवढे साबणानं धू. बहीण आधी तुझे हात बघेल."

सुहास खाडीपलीकडे पोचला, तेव्हा उन्हं कलली होती. बहीण अंगणात होती. त्याला पाहताच ती हातातली कळशी खाली ठेवून जागीच बसली आणि रडू लागली. त्यानं काही आणलं नव्हतं, म्हणून ओशाळून तो म्हणाला, "ताई, रिकाम्या हातांनीच आलोय गं."

ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "बरं झालं. यांना उठवून बाहेर बसवायचंय. पाच महिने माणसानं आभाळ बघितलं नाही. माझ्या एकटीच्यानं उचलवत नाहीत."

दोघांनी मिळून मेहुण्यांना उचललं आणि अंगणातल्या बाजेवर आणून निजवलं. आभाळाकडे बघत ते कितीतरी वेळ स्वस्थ पडून राहिले. सुहास त्यांच्या उशाशी बसला.

संकटात सापडलेला माणूस येणाऱ्याचे हात भरलेले आहेत की रिकामे, हे पाहत नसतो. त्याची नजर दाराकडे लागलेली असते.